टोकियो, एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

टोकियोला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या खिशात बहुतेक वेळा एक यादी असते. स्कायट्री, शिबुयाचा चौक, सेन्सो-जी, टोकियो टॉवर, आकिहाबारा. ही यादी नकाशावर टाकली की कळतं, एक ठिकाण पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, तिसरं भलतीकडेच. चार दिवस जमिनीखालून धावण्यात जातात आणि शहर पाहायचं राहूनच जातं.

या शहराला एक असा मध्य नाही. २३ प्रभाग, प्रत्येकाचा स्वतःचा महापौर, आणि सगळे मिळून नव्वद लाखांच्या वर माणसं. प्रत्येक मोठ्या स्टेशनाभोवती एक वेगळं गाव वसलेलं आहे. म्हणून माझा सल्ला एवढाच, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे: रोज शहराची एकच बाजू धरा, सकाळी एका स्टेशनावर उतरा आणि संध्याकाळपर्यंत चालत दुसऱ्या स्टेशनावर पोहोचा. यादीतली निम्मी ठिकाणं वाटेत भेटतातच. उरलेली सुटली तरी बिघडत नाही.

निघण्याआधी

आधी महिना ठरवा. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेरीचा बहर असतो, पण तेव्हा खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानी लोकांच्या सलग सुट्ट्या येतात, तेवढा काळ टाळाच. जून ते जुलैचा मध्य पावसाचा, ऑगस्ट दमट आणि भाजून काढणारा, सप्टेंबरात वादळांची भीती. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचा काळ, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर, चालण्यासाठी उत्तम. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गिंकोची झाडं पिवळीधमक होतात. थंडी सोसत असेल तर जानेवारीही छान. हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि उंच इमारतीवरून फुजी दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. फक्त २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या दिवसांत बरीच संग्रहालयं आणि दुकानं बंद असतात.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. २०२४ पासून पर्यटकांना ई-व्हिसा मिळू लागला आहे, पण अर्ज व्हिसा केंद्रामार्फतच करायचा. निघण्यापूर्वी 'व्हिजिट जपान वेब' या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती भरून ठेवा. त्याचा क्यूआर कोड फोनमध्ये असला की विमानतळावर कागद भरत उभं राहावं लागत नाही.

सामानाबद्दल दोन-तीन गोष्टी. तिथली वीज १०० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचा. फोन-लॅपटॉपचे चार्जर साध्या अ‍ॅडाप्टरवर चालतात, पण इथून नेलेली इस्त्री किंवा किटली तिथे धड तापणार नाही. स्वतःपुरती महिनाभराची औषधं नेता येतात. मात्र स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, तेव्हा घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा बॅगेत ओतू नका. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तिथल्या भाचरांसाठी आंबे न्यायचा विचार सोडा. चिवडा, भाकरवडी, मेतकूट खुशाल न्या. आणि बूट असे घ्या, की जे दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सोसतील. नवे कोरे बूट घालून तर जाऊच नका.

राहायचं कुठे

यामानोते नावाची एक लोकल शहराभोवती गोल फिरते. साडेचौतीस किलोमीटरचं वर्तुळ, ३० स्टेशनं, पूर्ण फेरीला साधारण तास. रंग पोपटी. हॉटेल शोधताना एकच चाळणी लावा: यामानोतेच्या कुठल्याही स्टेशनापासून दहा मिनिटांच्या चालीत असलं पाहिजे. ते जमलं की निम्मे प्रश्न सुटतात.

पहिल्या खेपेला मी उएनो सुचवेन. नारिता विमानतळाची गाडी थेट तिथे येते, खोल्या शिंजुकु-शिबुयापेक्षा बहुधा स्वस्त, आणि पहिल्या दिवसाची सगळी भटकंती तिथून जवळ. शिंजुकु रात्री उशिरापर्यंत फिरणाऱ्यांसाठी चांगलं, पण म्हातारे आई-वडील बरोबर असतील तर त्या स्टेशनातून रोज वाट काढणं त्यांना जड जाईल.

साध्या बिझनेस हॉटेलातली खोली बारा-पंधरा चौरस मीटरची. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडायला जागा नसते. चौघांचं कुटुंब एका खोलीत मावेल हे गृहीत धरू नका. भाडं खोलीवर नाही, माणसांच्या संख्येवर ठरतं, म्हणून बुकिंग करताना मुलांसकट खरा आकडा टाका.

विमानतळ ते शहर, आणि एक कार्ड

नारिता शहरापासून साठेक किलोमीटर दूर आहे. तिथून केइसेई कंपनीची स्कायलायनर गाडी चाळीस मिनिटांत निप्पोरी आणि उएनोला सोडते. शिंजुकु किंवा टोकियो स्टेशनाच्या बाजूला राहणार असाल तर नारिता एक्स्प्रेस घ्या. पैसे वाचवायचे असतील तर केइसेईच्याच साध्या गाड्या आहेत, वेळ जास्त लागतो इतकंच. टॅक्सीचा विचारही करू नका, शहरापर्यंतचं भाडं वीस हजार येनांच्या पुढे जातं. हानेदा मात्र अगदी जवळ. केइक्यू लाइनने शिनागावा किंवा मोनोरेलने हामामात्सुचो, दोन्हीकडे यामानोते मिळते. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर लक्षात ठेवा, मध्यरात्रीनंतर पहाटे पाचेकपर्यंत गाड्या बंद असतात. अशा वेळी पहिली रात्र विमानतळाजवळ काढलेली बरी.

विमानतळावरच सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड. दोन्ही सारखीच चालतात. पर्यटकांसाठी 'वेलकम सुइका' आहे: २८ दिवस चालतं, अनामत नाही, पण उरलेली रक्कम परत मिळत नाही. आयफोन असेल तर सुइका थेट फोनच्या वॉलेटमध्ये घेता येतं. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत ही सोय नाही, त्यांनी प्लास्टिकचंच कार्ड घ्यावं. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं. त्यासाठी मुलाचं वेगळं कार्ड पासपोर्ट दाखवून मिळतं.

जाताना टेकवायचं, बाहेर पडताना टेकवायचं, भाडं आपोआप कापलं जातं. जवळच्या अंतराला दीड-दोनशे येन. हेच कार्ड दुकानात, पेयांच्या यंत्रावर आणि सामानाच्या लॉकरलाही चालतं. फक्त टोकियोत फिरायचं असेल तर देशभरच्या रेल्वेसाठीचा जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. एका शहरात तेवढे पैसे वसूल होणं अशक्य.

स्टेशन वाचायला शिका

टोकियोत माणसं गाडीत चुकत नाहीत, स्टेशनात चुकतात. भुयारी रेल्वेच्या १३ लाइन आहेत आणि त्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या: टोकियो मेट्रोच्या नऊ, तोएईच्या चार. त्याखेरीज जेआर (जपान रेल्वे, यामानोते हिचीच) आणि खाजगी कंपन्यांच्या गाड्या. एकाच नावाच्या स्टेशनात तीन कंपन्यांची फाटकं असू शकतात. म्हणून नुसतं 'शिबुयाला जायचंय' एवढं पुरत नाही, कुठल्या लाइनने ते ठरवून निघा.

नावं लक्षात ठेवायची मात्र गरज नाही. प्रत्येक भुयारी लाइनला रंग आणि इंग्रजी अक्षर आहे, प्रत्येक स्टेशनाला क्रमांक. गिन्झा लाइन नारिंगी, अक्षर जी. शिबुया जी ०१, उएनो जी १६, असाकुसा जी १९. उएनोहून असाकुसाला निघालात आणि पुढच्या स्टेशनाच्या पाटीवर जी १७ दिसलं, तर दिशा बरोबर. जी १५ दिसलं तर उतरा आणि समोरची गाडी पकडा. (ही लाइन उएनो-असाकुसा दरम्यान १९२७ मध्ये सुरू झाली, आशियातली पहिली भुयारी रेल्वे.)

दुसरी गोष्ट, बाहेर पडायचा दरवाजा. पिवळ्या पाट्या बाहेरची वाट दाखवतात आणि प्रत्येक दरवाजाला अक्षर-आकडा असतो. दादरला पश्चिमेऐवजी पूर्वेला उतरलो तर पूल ओलांडून परत येता येतं. शिंजुकुला दोनशेहून जास्त दरवाजे आहेत. चुकीच्या दारातून वर आलात तर वीस मिनिटांची पायपीट ठरलेली. गूगल मॅप्स रस्ता सांगताना दरवाजाचा क्रमांकही सांगतो. फाटकातून बाहेर पडण्याआधी तो बघून घ्या, वर येऊन नव्हे.

सकाळी साडेसात ते नऊ या वेळात लहान मुलं किंवा मोठ्या बॅगा घेऊन गाडीत चढू नका. काही लाइनवर त्या वेळात महिलांसाठी राखीव डबा असतो, फलाटावर गुलाबी खूण दिसते.

आता पत्ता. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत. सेन्सो-जी मंदिराचा पत्ता असा आहे: ताइतो-कु, असाकुसा, २-३-१. ताइतो हा प्रभाग, असाकुसा हा भाग, त्यातला दुसरा पोटभाग, त्यातला तिसरा ठोकळा, त्यातली पहिली इमारत. म्हणजे पत्ता रस्त्याने जात नाही, मोठ्या चौकोनातून छोट्या चौकोनात शिरत जातो. हे एकदा डोक्यात बसलं की खांबांवरच्या आणि भिंतींवरच्या छोट्या पाट्या वाचता येऊ लागतात.

पहिला दिवस: असाकुसा ते उएनो, पायी

वेळेत साडेतीन तासांचा फरक आहे, टोकियो पुढे. त्यामुळे पहिल्या दिवशी पहाटे जाग येणं कठीणच. तरीही उठा आणि सातपर्यंत असाकुसाला पोहोचा. सेन्सो-जीचं मुख्य मंदिर उन्हाळ्यात सहाला, हिवाळ्यात साडेसहाला उघडतं. नऊनंतर इथे पाय ठेवायला जागा नसते.

पुढच्या दरवाजाला कामिनारिमोन म्हणतात. दोन्ही बाजूंना वाऱ्याचा आणि विजेचा देव, मध्ये जवळजवळ चार मीटर उंचीचा लाल कागदी कंदील. सगळे समोरून फोटो काढून पुढे जातात. तुम्ही कंदिलाखाली उभे राहा आणि वर बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. पुढे नाकामिसे नावाची अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली. सकाळी ती बंद असते, पण बंद शटरांवर असाकुसाच्या उत्सवांची चित्रं रंगवलेली असतात. ती दुकानं उघडली की दिसत नाहीत.

मंदिर कान्नोनचं, म्हणजे आपल्या वेरूळ-अजिंठ्यातल्या अवलोकितेश्वराचं. कथा अशी, की ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात मूर्ती आली. ती मूर्ती कुणालाही दाखवली जात नाही. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळालं, आत्ताचं १९५८ मध्ये उभं राहिलं. मंदिरासमोर धुपाचं मोठं पात्र आहे, लोक त्याचा धूर हातांनी अंगावर घेतात. शेजारी शंभर येन टाकून नशिबाची चिठ्ठी काढता येते: धातूचा डबा हलवायचा, काडी बाहेर येईल तिच्यावरचा आकडा बघायचा, त्या आकड्याचा खण उघडायचा. चिठ्ठी वाईट निघाली तर घरी न्यायची नाही, तिथल्याच तारेला बांधून टाकायची.

इथून बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही नदीच्या बाजूने उत्तरेकडे दहा मिनिटं चाला. छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. ते गणपतीचं आहे. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचलेला हा देव तिथे कांगितेन किंवा शोतेन म्हणून ओळखला जातो. इथेही मूर्ती पडद्याआडच असते. नैवेद्य मात्र बघण्यासारखा: पांढरा जाडजूड मुळा. देवळातच मुळे विकत मिळतात आणि देवापुढे त्यांची रास लागलेली असते. पायऱ्यांवर, कंदिलांवर, खांबांवर दोन मुळे एकमेकांत गुंफलेले आणि पैशांची पुरचुंडी ही दोन चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतील. मुळा आरोग्यासाठी, घरच्या माणसांत गोडी राहावी म्हणून. पुरचुंडी धंद्यात बरकत यावी म्हणून. ७ जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव होतो आणि शिजवलेला मुळा प्रसाद म्हणून मिळतो. गर्दी जवळजवळ नसते. शेजारपाजारचे म्हातारे येतात, हात जोडतात, घटकाभर बसतात. मराठी माणसाने टोकियोत एक गोष्ट चुकवू नये म्हणून विचारलं, तर मी हे देऊळ सांगेन.

परत येऊन सेन्सो-जीच्या पश्चिमेला दहा मिनिटांवर काप्पाबाशी. हॉटेलवाल्यांना लागणाऱ्या भांड्याकुंड्यांची ही रस्ताभर पसरलेली बाजारपेठ. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या डोक्यावर आचाऱ्याचं प्रचंड डोकं बसवलेलं आहे, तीच खूण. सुऱ्या, लोखंडी तवे, भाताचे वाडगे, आणि हॉटेलांच्या काचेत मांडतात ते प्लास्टिकचे हुबेहूब पदार्थ. सुरी घ्यायची तर इथेच घ्या: दुकानदार हातात धरायला देतात, काय चिरणार ते विचारतात, हवं तर तुमचं नाव कोरून देतात. फक्त ती विमानात चेक-इनच्या बॅगेतच जाऊ शकते. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

तिथून उएनो वीस मिनिटं. जेवण करून उद्यानात शिरा. टोकियोचं राष्ट्रीय संग्रहालय १८७२ पासूनचं, जपानमधलं सर्वांत जुनं. सगळं बघायचा अट्टहास नको, मुख्य इमारतीचा दुसरा मजला पुरे. सोमवारी बंद असतं. बाहेर शिनोबाझु तळं आहे आणि मधल्या बेटावर बेनतेनचं देऊळ, म्हणजे सरस्वतीचं. हिच्या हाती वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य असतं. जुलै-ऑगस्टमध्ये तळं कमळांनी भरलेलं असतं. संध्याकाळी स्टेशनालगतच्या आमेयोको बाजारात. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेली ही पेठ अजूनही ओरडून माल विकते, आणि एरवी शांत असलेल्या टोकियोत तो आवाज ऐकून बरं वाटतं. दिवसभराचं चालणं सगळं मिळून सहा-सात किलोमीटर, मध्ये बसायला जागा भरपूर.

दुसरा दिवस: हाराजुकु ते शिबुया, मग शिंजुकु

हाराजुकु स्टेशनातून बाहेर पडलात की उजवीकडे मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानाचं वन. सत्तर हेक्टरांचं हे रान माणसांनी लावलेलं आहे. १९२० मध्ये देवस्थान उभं राहिलं तेव्हा देशभरातून लाखभर झाडं आली, आणि शंभर वर्षांत ती स्वतःच जंगल होतील अशी त्यांची रचना केली गेली. रीत लक्षात ठेवा: तोरी कमानीतून जाताना मधोमध चालू नये, आत शिरताना हात धुवावेत, देवापुढे दोनदा वाकून दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकणं. ही शिंतो देवस्थानाची रीत झाली. सेन्सो-जीसारख्या बौद्ध मंदिरात टाळी वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात.

पुढे ओमोतेसांदोच्या झाडांखालून शिबुयाकडे चालत जा. हाचिको कुत्र्याचा पुतळा, तो प्रसिद्ध चौक, गर्दी. अर्ध्या तासात भागतं. संध्याकाळी शिंजुकुला महानगर सरकारच्या जुळ्या मनोऱ्यांत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटरवर शहर बघायचं काचबंद दालन आहे आणि ते फुकट आहे. दिवस मावळण्याच्या अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. पैसे देऊन चढायच्या मनोऱ्यांपेक्षा मला हीच जागा आवडते. शिंजुकुतच नाकामुराया हे दुकान आहे. ब्रिटिशांपासून लपलेल्या रासबिहारी बोस यांना या घराने आसरा दिला, मुलगीही दिली, आणि १९२७ पासून त्यांच्या पद्धतीची भारतीय करी तिथे विकली जाते. ती कोंबडीची असते, शाकाहाऱ्यांनी नुसतं बघून यावं.

तिसरा दिवस: त्सुकिजी ते टोकियो स्टेशन

माशांचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला, पण त्सुकिजीची बाहेरची बाजारपेठ जागेवरच आहे. मासे खाणाऱ्यांनी सकाळी आठला जावं. तिथून दोन पावलांवर त्सुकिजी होंगान-जी. इतो च्यूता या वास्तुरचनाकाराने १९३४ मध्ये हे मंदिर भारतीय बौद्ध शैलीत बांधलं. दर्शनी भागावरची कमान बघितली की कार्ल्याच्या, अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची ओळख लगेच पटते. आत जिन्याच्या कठड्यांवर दगडी प्राणी कोरलेले आहेत, हत्तीही आहे. प्रवेश मोफत.

मग गिन्झातून सम्राटाच्या राजवाड्याच्या पूर्व उद्यानाकडे. तेही मोफत, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. इथेच असलेल्या एदो किल्ल्याचा मुख्य मनोरा १६५७ च्या आगीत जळाला तो पुन्हा बांधलाच नाही. त्याचा प्रचंड दगडी चौथरा तेवढा उरला आहे, त्यावर चढता येतं. चुन्याशिवाय घट्ट बसवलेले ते दगड आपल्याकडचे किल्ले चढलेल्या माणसाने जवळून पाहावेत. शेवट टोकियो स्टेशनच्या १९१४ च्या लाल विटांच्या इमारतीपाशी.

चौथा दिवस मोकळा असेल तर निप्पोरीहून यानाकाच्या जुन्या गल्ल्यांत जा. या भागाने बॉम्बहल्ले बऱ्यापैकी चुकवले, म्हणून लाकडी घरं, छोटी देवळं आणि मांजरं अजून आहेत.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचं पातळ सार आहे, आणि दाशी बहुधा कात्सुओ मासा वाळवून, किसून केलेली असते. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अंड्याची पोळी, सगळ्यात ती असते. ताटात मासा दिसत नाही आणि वाढणाराही खरेपणाने 'मांस नाही' असंच म्हणतो. जपानी करीच्या वड्यांत बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. तेव्हा नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. म्हणा: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन, कात्सुओदाशी मो ताबेरारेमासेन.' मांस-मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. अंडं नको असेल तर त्यात 'तामागो'ही जोडा. हेच वाक्य जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. दुकानदार वाचून मान हलवेल, कदाचित नम्रपणे नाही म्हणेल. तो अपमान नसतो, त्याला तुम्हाला खोटं सांगायचं नसतं.

सोय होते ती अशी. टोकियो स्टेशनाच्या फाटकाच्या आत टीज तानतान नावाचं पूर्ण व्हीगन रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या शेवयांचं, दुकान आहे. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत काही शाखांत प्राणिजन्य पदार्थ नसलेली करी मिळते. कोन्बिनी, म्हणजे चोवीस तासांची छोटी दुकानं, तिथे आंबट प्लमचा ओनिगिरी (भाताचा गोळा), उकडलेले एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), केळी, दही, थंडीत भाजलेलं रताळं. पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचायची सवय लावून घ्या. भारतीय हॉटेलं तर जागोजागी आहेत. आणि तोझाई लाइनवरचं निशी-कासाई हे भारतीयांचं गावच. २००० च्या आसपास संगणक क्षेत्रातली मंडळी इथे वसू लागली, आता भारतीय किराणाही सहज मिळतो. याच एदोगावा प्रभागाच्या परिषदेवर २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. दुपारी हजारेक येनांत तेइशोकु, म्हणजे भात, सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट मिळतं. त्यात साबा शिओयाकी मागवा. तो बांगड्याचाच भाऊबंद, मीठ लावून भाजलेला, वरची कातडी कुरकुरीत, शेजारी किसलेल्या मुळ्याचा छोटा ढीग. नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं असतं, हॉटेलात ते न मागता समोर येतं.

पैसे आणि रीतभात

शंभर येन म्हणजे अदमासे ५५ ते ६० रुपये. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण देवळं, छोटी खाणावळ, जेवणाचं कूपन देणारी यंत्रं यांना रोख लागते. सेव्हन-इलेव्हनमधल्या एटीएमवर परदेशी कार्डं चालतात. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या आणि काही जुनी यंत्रं त्या घेत नाहीत, म्हणून नाण्यांची एक छोटी पिशवी जवळ असू द्या. पैसे हातात द्यायचे नाहीत, समोरच्या तबकात ठेवायचे. टिप अजिबात नाही, टेबलावर ठेवली तर मागे धावत येऊन परत करतील.

गाडीत फोनवर बोलू नये, पाठीवरची सॅक पुढे घ्यावी, सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहावं. रस्त्यावर कचरापेट्या जवळजवळ नाहीत. एक पिशवी बरोबर ठेवा आणि कचरा हॉटेलवर आणून टाका. स्वच्छतागृहं मात्र प्रत्येक स्टेशनात, फुकट आणि खरोखर स्वच्छ. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी या एका गोष्टीची काळजी पूर्ण सोडावी.

अडचण आली तर

पासपोर्ट सतत जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. चौकाचौकांत कोबान नावाच्या छोट्या पोलीसचौक्या आहेत: रस्ता चुकलात, काही हरवलं, तिथे जा. गाडीत छत्री किंवा पाकीट राहिलं तर आशा सोडू नका, स्टेशनवर विचारा, बऱ्याचदा परत मिळतं. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि आग ११९. भूकंपाची सूचना फोनवर मोठ्या आवाजात येते. जमीन हलली तर बाहेर धावू नका, टेबलाखाली डोकं झाका आणि आजूबाजूचे जपानी लोक काय करतात ते करा.

पुढे क्योतोला जाणार असाल तर मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरूनच ताक्क्यूबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने पाठवा. सहसा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात पोहोचतात आणि शिनकान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये हात मोकळे राहतात. थेट घरी परतणार असाल तर शेवटच्या दिवशी चेकआउटनंतर बॅगा हॉटेलातच ठेवून फिरता येतं. वेलकम सुइकातले उरलेले येन विमानतळावरच्या कोन्बिनीत संपवा, बिलाला कमी पडले तर बाकीची रक्कम रोख घेतात. आणि काप्पाबाशीची सुरी चेक-इनच्या बॅगेत गेली आहे ना, ते काउंटरवर पोहोचण्याआधी एकदा बघा.